दुसरं पान

बाबांच्या बागेतली मजुरीची वही माझ्या हातात पहिल्यांदा आली तेव्हा मी नववीत होते. १९९३ सालचा एप्रिल. देवगड तालुक्यातलं आमचं गाव, आंब्याची तोडणी जोरात, आणि नेमका तेव्हाच बाबांचा चष्मा फुटला. कणकवलीहून नवा चष्मा येईपर्यंत हजेरी मांडायचं काम माझ्याकडे आलं. वहीची रचना सोपी होती. पहिल्या पानावर गडी, पान उलटलं की बाया. प्रत्येक पानाच्या डोक्यावर दर एकदाच लिहिलेला. गडी ४०, बाई २५. त्याखाली नावं, आणि नावांपुढे रोजच्या हजेरीच्या फुल्या.

शनिवारी संध्याकाळी पडवीत मजुरीवाटप असे. वहीच्या क्रमानेच पैसे द्यायचे, म्हणजे आधी गडी. दुसऱ्या पानाशी येईपर्यंत कंदील लावायची वेळ व्हायची. बायांमध्ये एक काकी होती, माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे कामाला येणारी. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ती मला म्हणाली, "बाय गो, माझा नाव कायम दुसऱ्या पानार कित्या? माका घराक जावन चूल पेटवूची असा."

तिला दराबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तिला फक्त लवकर घरी जायचं होतं. मी म्हटलं, बाबांनी तसंच मांडलंय. पुढच्या शनिवारी मी दुसऱ्या पानापासून वाटप सुरू केलं, तर गडी नाराज झाले आणि बाबांनी मला आत बोलावून क्रम बदलू नकोस म्हणून सांगितलं. ते चिडले नव्हते. जे चालत आलंय ते चालू द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढे मुंबईत अर्थशास्त्रात एम.ए. केलं, बरीच वर्षं शिकवलं, आणि बाबा गेल्यावर बाग बघायला गावी परत आले. बाई आणि पुरुष यांच्या कमाईत फरक का असतो, यावर शंभर वर्षांत अर्थतज्ज्ञांनी जे लिहिलं ते मी वाचलं आहे, मुलांना शिकवलंही आहे. पण प्रत्येक सिद्धांत वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती वहीच यायची. आजही येते.

आमच्या गावात याचं एक उत्तर तयार असतं. ताकद. नांगर धरायचा गड्याने, झाडावर चढायचं गड्याने, पेट्या गाडीत चढवायच्या गड्याने. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ज्याची उत्पादकता जास्त, त्याची मजुरी जास्त. ऐकायला रास्त वाटतं. पण मग भाताच्या लावणीचं काय? जुलैच्या पावसात, घोटाभर चिखलात, सकाळी सातपासून कंबरेत वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा आणि लावायचा. कॉलेजात असताना मी एकदा हट्टाने पूर्ण दिवस लावणीला उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठता येईना. ते काम बायांचं, म्हणून हलकं. चिखलणीला जोताच्या मागे चालायचं काम गड्याचं, म्हणून जड. कुठलं काम जड म्हणायचं हे कुणी वजनकाटा लावून ठरवलेलं नाही.

आणि १९९३ च्या त्या वहीत पहिल्या पानावर एक पोरगा होता, मिसरूडही न फुटलेला. तो झाडावर चढत नसे. गड्यांना पाणी द्यायचं आणि रिकामे क्रेट उचलून शेडपर्यंत न्यायचे, एवढंच त्याचं काम. त्याच्या पानाच्या डोक्यावर ४० लिहिलेलं होतं.

शेडमधलं काम मात्र मी जवळून पाहिलंय. काकी गोणपाटावर पाय लांब करून बसायची. डाव्या बाजूला आंब्यांची रास, उजवीकडे तीन ढीग. आंबा उचलायची, डेखाजवळ, म्हणजे देठाजवळ, अंगठा टेकवायची, फळ एकदाच फिरवून बघायची आणि ते ढिगात गेलेलं असायचं. पेटीत किती डझन बसतील त्यावरून पाच डझनी, सहा डझनी, सात डझनी. चीक लागलेला, डाग पडलेला, डेख तुटलेला आंबा बाजूला. मी एकदा तिच्या ढिगांतली फळं काढून काट्यावर तोलली. एका ढिगातल्या फळांत म्हणण्यासारखा फरक सापडेना. मग पेटीत पेंढा अंथरायचा, थर लावायचा, असा की वाशीच्या घाऊक बाजारात पोचेपर्यंत फळ हलता कामा नये. एक नासका आंबा पेटीत राहिला तर पेटी गेली. आंब्याचा चीक कातडी जाळतो. हंगाम संपेपर्यंत तिच्या मनगटापासून वर काळे चट्टे पडलेले असत, आणि ती त्यावर खोबरेल लावत बसायची. बागेची बाजारातली पत त्या हातांवर होती. बाबा ते जाणून होते. "काकी नसली तर माझा माल कोण घेणार नाही," असं ते व्यापाऱ्यांना मोठ्याने सांगत. दर २५ च.

एम.ए.च्या वर्गात अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर शिकवला तेव्हा मी जागेवर ताठ बसले होते. १९५७ साली त्याने मांडलं की मालकाच्या मनात एखाद्या गटाबद्दल दुजाभाव असेल, तर त्या दुजाभावाची किंमत मालकालाच मोजावी लागते. तेच काम करणारी बाई स्वस्तात मिळत असताना तो महाग गडी ठेवतो आणि स्वतःचा नफा घालवतो. दुसरा शहाणा मालक बायाच लावील, त्याचा माल स्वस्त पडेल, बायांना मागणी वाढेल, दर वर चढेल. स्पर्धा असली की भेदभाव टिकू नये. तर्क चोख आहे. पण आमच्या पंचक्रोशीत स्पर्धा काही कमी नव्हती. प्रत्येक बागायतदार दुसऱ्याच्या आधी वाशीला पेटी पाठवायला धडपडायचा. शेडमध्ये तर बायाच होत्या, सगळ्यांकडेच. तरी कुणी २५ चे २८ करून शेजारच्याची काकी फोडली नाही. का नाही?

याचं उत्तर मला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांच्याकडे मिळालं, आणि त्याहून जास्त त्याच वहीत.

१९९३ च्या हंगामात अर्ध्यावर गड्यांचा दर वाढला होता. मी स्वतः ४० खोडून ४५ केलेलं मला आठवतं. कारण कोकण रेल्वेचं काम चालू होतं. कणकवलीच्या बाजूला भराव आणि कटिंगच्या कामावर माणसं हवी होती. चार गडी तिकडे गेले, उरलेल्यांनी बाबांना तसं सांगितलं आणि बाबांनी दर वाढवला. पान उलटून २५ खोडायची वेळ आली नाही. बाया कुठेच जाणार नव्हत्या.

रॉबिन्सन यांनी १९३३ साली हेच मांडलं होतं. कामगाराला दुसरीकडे जायची सोय असेल तर मालकाला त्याचा भाव द्यावा लागतो. ती सोय नसेल तर भाव मालक ठरवतो. आणि एकाच मालकाकडे दोन प्रकारचे कामगार असतील, एक सहज सोडून जाऊ शकणारा आणि दुसरा न जाऊ शकणारा, तर दोघे सारखंच काम करत असले तरी त्यांना वेगळा दर देणं मालकाच्या फायद्याचं ठरतं. त्यासाठी मनात द्वेष असावा लागत नाही. माझ्या बाबांच्या मनात नव्हता.

हे समजल्यावर सगळं कोकण मला वेगळं दिसायला लागलं. आपल्याकडे गड्याच्या मजुरीमागे दीडशे वर्षं मुंबई उभी आहे. गिरणी होती, गोदी होती. पुढे आखात आलं, गोवा आला, ट्रॉलरवरची खलाशाची नोकरी आली. वाडीतला पुरुष यांतल्या कुठेच गेला नाही, तरी तो जाऊ शकतो एवढ्यानेच त्याचा भाव वाढतो. चाकरमानी पुरुष मुंबईला आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं बाईकडे, ही आपली जुनी घडी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, सिंधुदुर्गात १०३६. या आकड्याचं कौतुक होतं, आणि मुलींना जगू देणारा जिल्हा म्हणून ते व्हायलाही हवं. पण त्यात न दिसणारे पुरुष परळला नाहीतर विरारला मोजले गेलेत हेही खरं. मागे राहिलेल्या बाईला काम हवं ते घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. दुपारी म्हाताऱ्या सासूला जेवण देऊन परत येता येईल इतकं जवळ. अशा अंतरात बागा किती? दोन, फार तर तीन. आणि त्या तिन्ही मालकांची संध्याकाळची बैठक एकाच पडवीत.

काजू कारखान्यांत हीच गोष्ट जरा वेगळ्या रूपात दिसते. वेंगुर्ले, मालवण, कुडाळकडे गेलात तर बघा. काजू फोडायला बाया, साल काढायला बाया, ग्रेडिंगला बाया. बॉयलरवर आणि गाडीवर पुरुष. फोडणीचा आणि सोलणीचा दर पुष्कळ ठिकाणी किलोवर. किलोचा दर बाई-पुरुष बघत नाही, म्हणून तिथे भेदभाव नाही असं वाटतं. पण त्या तीन कामांतच सगळ्या वाड्यांतल्या बाया येऊन दाटल्या की किलोचा दर वर जाणार कसा? अर्थतज्ज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १९२२ साली ही दाटी ओळखली होती. बायकांना मोजकीच कामं मोकळी ठेवली की तिथे गर्दी होते आणि गर्दीत भाव पडतो. मुंबईच्या गिरण्यांतही बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत असत. आपल्याच गावांतून गेलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या.

आता संख्याशास्त्राचं सांगते, कारण यावर वाद घालणारे लोक बहुतेक वेळा इथेच अडतात. बायका सरासरी कमी कमावतात. जगाचा ढोबळ हिशोब केला तर पुरुषांपेक्षा सुमारे २० टक्के कमी. मग कुणीतरी म्हणतं, अहो, पण काम वेगळं, तास वेगळे, अनुभव वेगळा, ते सगळं सारखं धरून मोजा, फरक जवळजवळ मिटेल. मोजण्याची ही पद्धत १९७३ पासून रुळली आहे. फरकाचे दोन भाग करायचे, एक कारण सापडलेला आणि एक न सापडलेला. पद्धत उपयोगी आहे, मी स्वतः वापरली आहे. पण तीच माझ्या वहीला लावून बघा. पहिल्या पानावर सगळ्यांना ४०. दुसऱ्या पानावर सगळ्यांना २५. 'कामाचा प्रकार सारखा धरला' की फरक शून्य! प्रत्येक पानावर पूर्ण समता आहे. जो काही अन्याय आहे तो पान उलटण्यात आहे, आणि पान उलटणं आपण आधीच हिशोबाबाहेर काढून टाकलं.

कायद्यालाही हीच अडचण आली. घटनेच्या ३९ व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. १९७५ साली अध्यादेश निघाला, १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, २०१९ मध्ये तो वेतन संहितेत घेतला गेला. या कायद्यावरचा गाजलेला खटला मुंबईतला. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातल्या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंपेक्षा त्यांना पगार कमी. कंपनीचं म्हणणं, या साहेबांच्या खासगी स्टेनो, यांचा वर्ग वेगळा. म्हणजे पान वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ते मानलं नाही, आणि जास्त पगार द्यायची ऐपत नाही हा बचावही मानला नाही. तो निकाल मी वर्गात शिकवायचे तेव्हा प्रत्येक वेळी माझा आवाज चढायचा. पण डिकॉस्टाबाईंच्या शेजारी त्याच यंत्रावर तेच काम करणारा पुरुष होता, म्हणून तुलना तरी झाली. काकीच्या शेजारी शेडमध्ये गडी नव्हताच. ती कुणाशी तुलना करणार?

मग उरते चूल. काकीच्या त्या पहिल्या वाक्यातली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने माणसं आपला वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. पुरुषांतले जे घरकाम करत होते त्यांची ९७. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते दोनशे वर्षांच्या नोंदी खणून बायकांच्या कामाचा आणि कमाईचा माग काढल्याबद्दल. अमेरिकेत पूर्वी शिक्षण आणि व्यवसाय यांतल्या फरकामुळे बायका मागे पडत. आता मुली शिकून बरोबरीने नोकरीला लागतात, आणि कमाईची वाट फुटते ती पहिल्या मुलाच्या जन्मानंतर. डेन्मार्कसारख्या, पाळणाघरं आणि रजा सगळं असलेल्या देशातही आईची कमाई त्यानंतर दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. बापाची राहत नाही. आइसलँडच्या बायकांनी तर २४ ऑक्टोबर १९७५ ला घरचं आणि बाहेरचं दोन्ही काम एका दिवसासाठी थांबवलं होतं. दहातल्या नऊ जणी सामील झाल्या आणि मासळीचे कारखाने बंद पडले. हर्णैच्या किंवा मालवणच्या बंदरावर एक दिवस बाया आल्याच नाहीत तर काय होईल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मासळी होडीतून उतरेल, आणि वाळूत पडून राहील.

मला स्वतःला हे कळलं ते मुंबईत एका खासगी क्लासच्या मुलाखतीत. माझं शिकवणं त्यांना आवडलं. मग विचारलं, लग्न कधी झालं? दोन वर्षं, मी म्हटलं. त्यांनी सांगितलेला पगार माझ्याबरोबर निवडलेल्या वर्गमित्रापेक्षा कमी होता, आणि कारणही त्यांनी मोकळेपणाने दिलं. तुम्ही मध्येच रजेवर जाल, आम्हाला वर्ग मोडता येत नाही. एडमंड फेल्प्स आणि केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याला सांख्यिकीय भेदभाव म्हटलं. मालकाला तुमच्याबद्दल काही माहीत नसतं, म्हणून तो तुमच्या गटाची सरासरी तुमच्यावर लादतो. ती नोकरी मी घेतली नाही. त्यानंतर आम्हाला मूल झालंही नाही. जी रजा मी कधी घेतलीच नाही तिचे पैसे मात्र माझ्या पगारातून आधीच कापून ठेवले होते.

यावर एक माणूस फार आधी नेमकं बोलून गेलाय, आणि तो आपल्या कोकणाशी जोडलेला. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बोलताना त्यांनी सांगितलं की आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तेव्हा तिचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा. १९२९ साली कायदा झाला, पण भार मालकावरच राहिला. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ती व्हायलाच हवी होती. तेव्हाही रजेतला पगार द्यायचा तो मालकानेच. मग मुलाखतीत लग्नाची तारीख विचारली जाणार नाही तर काय होणार? बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, आणि रजेचा खर्च कुणाच्या खिशातून जातो यावर बाईची पुढची नोकरी ठरते, हे त्या भाषणात मला स्पष्ट दिसतं.

आता माझ्या बागेचं. मी परत आले तेव्हा दर होता गडी ६००, बाई ३५०. वहीची जागा मोबाईलने घेतली होती, पण याद्या दोनच. पहिल्या हंगामात मी काही केलं नाही. मला भीती वाटत होती, हे खरंच. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये सगळ्यांना पडवीत बसवून सांगितलं की यादी एक, रोज सगळ्यांना ५५०. झाडावर चढेल त्याला चढाईचे दिवसाला १५० वेगळे, मग तो कोणी का असेना. जमिनीवर उभं राहून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने, म्हणजे आंबे काढायच्या जाळी लावलेल्या काठीने, काढेल त्याला चढाई नाही.

गडी गप्प बसले. मग एक जण म्हणाला, "ती बसान काम करतत, आमी झाडार." मी म्हटलं, म्हणूनच चढाईचे वेगळे. तो मान्य झाला, मनापासून नाही. शेजारचे बागायतदार, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. "तू रेट वाढवलंस तर आमी काय करूचा?" मी त्यांच्यासमोर हिशोब मांडला. शेडमध्ये चौघी. प्रत्येकीला २०० जास्त, म्हणजे दिवसाला ८००. दिवसाला ४० पेट्या भरतात. पेटीमागे २० रुपये. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. चहा घेऊन गेले. त्यांच्याकडे अजून दोन दर आहेत.

पेटीमागे वीस रुपये. इतक्या वर्षांच्या व्यवस्थेची एवढीच किंमत असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

रोजगार हमीवर स्त्री-पुरुषांना एकच दर आहे. जिथे ती कामं नियमित निघाली तिथे खासगी शेतांवरही मजुरी वाढल्याचं अभ्यासांतून दिसलंय, कारण बाईला 'नाही येत जा' म्हणायची सोय झाली. आमच्या वाडीत मार्च ते मे या काळात असं काम निघताना मी पाहिलेलं नाही. ग्रामसभेत मी तो विषय दोनदा मांडला आहे, परत मांडणार आहे.

पहिल्या शनिवारी मी काकीच्या हातात पैसे ठेवले. ती आता सत्तरीला आली आहे. पेट्या भरत नाही, फक्त निवडते. तिने नोटा मोजल्या, परत मोजल्या आणि त्यातल्या काही माझ्यापुढे धरल्या. "हिशोब चुकलो गो तुझो." मी म्हटलं, चुकला नाही, ठेव. यादी तिला दाखवली. साक्षरता वर्गात ती सहीपुरतं शिकली आहे, नाव ओळखते. बोट फिरवत खाली आली आणि दोन गड्यांच्या मध्ये स्वतःच्या नावावर थांबली. काही बोलली नाही. नोटा कंबरेच्या पिशवीत घातल्या.

मग जाताना पायरीवर थांबली. तिची धाकटी नणंद काकांच्या बागेत जाते, तिथल्या शेडमध्ये. तेच काम, ३५० रुपये. "तिका तुझ्याकडे लाव गो कामाक," काकी म्हणाली. माझ्या शेडमध्ये चौघींपुरतंच काम होतं, आणि चौघी होत्या.